कोऱ्या पाठी

आई ताईकडे निघून गेली त्याला पंधरा दिवस झाले होते. जाताना एवढंच म्हणाली, "पस्तीस वर्षं भिंतीशी बोलले, आता पुरे." बाबा तेव्हा पेपर वाचत होते. दुपारी त्यांनी मला विचारलं, "आई कुठंय?" मला अस्सा राग आला म्हणून सांगू.

बाबांचा जन्म शब्दकोशात गेला. रोजच्या बोलण्यात रुळलेल्या इंग्रजी शब्दांचा कोश आमचं कार्यालय करतं, आणि बाबा निवृत्त झाल्यावर त्यांच्या खुर्चीत मी बसते. तिथला नियम कडक. प्रत्येक अर्थाला उदाहरण हवं, तेही कुणीतरी खरोखर बोललेलं. ऐकल्यावर तासाभरात ते वाक्य जसंच्या तसं कार्डावर उतरवायचं, खाली तारीख घालायची. मनाने रचलेलं चालत नाही. कार्डाची पाठ शेऱ्यासाठी.

त्या आठवड्यात 'सेट' छपाईला जायचा होता. हा शब्द बाबांचा. नाटकाचा सेट, टेनिसमधला सेट, केस सेट करणं, सिमेंट सेट होणं; एवढ्याशा शब्दाने अख्खा खण अडवून ठेवला होता. मला एका अर्थाला एकच कार्ड ठेवून बाकीची रद्दीत टाकायची होती. वाचायला लागले आणि हात थांबला.

"गजर सेट केलात का, की मीच उठवू?"

"सहा कपांचा सेट होता, दोन उरलेत. पाहुण्यांनी ओंजळीतून चहा प्यायचा का?"

"तुमच्या डोक्यात एकदा काही सेट झालं, की ब्रह्मदेव आला तरी हलत नाही."

एकसष्ट कार्डं, आणि सगळ्यांवर आईच बोलत होती. ऐकत नाहीत, ऐकत नाहीत म्हणून जिने घर डोक्यावर घेतलं, तिचं बोलणं तारीखवार लावून ठेवलेलं होतं. मला रडूच आलं. कार्डं पिशवीत भरून तडक ताईकडे गेले. वाटलं, आता आई बॅग भरणार.

आईने चष्मा लावून सगळी वाचली. मध्ये एकदा हसलीसुद्धा. मग एकेक कार्ड उलटून पाहिलं.

"म्हणजे ऐकू येत होतं," ती म्हणाली. "मी आपली समजत होते, बिचाऱ्याचं लक्ष नसतं. लक्ष होतं, आणि तरी उत्तर दिलं नाही. पाठी कोऱ्याच आहेत बघ."

मी गेले होते समजूत घालायला आणि आगीत तेल ओतून आले. घरी पिशवी बाबांपुढे आदळली आणि आई जे बोलली ते शब्दशः सांगितलं. सवयीने त्यांचा हात कोऱ्या कार्डासाठी खिशाकडे गेला. मग तो त्यांनीच खाली घेतला.

संध्याकाळी पाहते तर ते जेवणाच्या टेबलाशी बसून कार्डांच्या पाठींवर लिहीत होते. 'गजर लावलाय. झोप तू.' 'कप उद्या आणतो.' ब्रह्मदेवाच्या मागे नुसतं 'खरं आहे.' पुढचे तीन दिवस हेच चाललं. कार्यालयातून दोनदा फोन आला, दोन्ही वेळा मी थाप मारली.

चौथ्या दिवशी साठ कार्डं झाली होती. एकसष्टावं त्यांच्या हातात होतं, ताईच्या लग्नानंतरच्या आठवड्यातलं. "एक मुलगी सेट झाली, दुसरीही होईल. मग या घरात आपण दोघं काय बोलणार हो?"

बाबांनी पेनचं टोपण काढलं, परत लावलं. मग ते कार्ड शर्टाच्या खिशात ठेवून उठले, चपला घातल्या आणि दारात थांबले.

"ताईचं घर कितव्या मजल्यावर आहे?" त्यांनी विचारलं.

ताई त्या घरात राहायला जाऊन सहा वर्षं झाली होती.

"तिसऱ्या," मी म्हणाले.