हवा थोडी कमी

मी हवेची गादी बोलतेय. नाव गादीचं असलं, तरी माझ्यात कापूस औषधालाही सापडणार नाही. रबरी कापड, एक व्हॉल्व्ह आणि पोटात हवा, एवढाच माझा संसार. टायरवाल्याने मला घरी आणलं ते त्याच्या आईसाठी. कंबरेचं हाड मोडून ती अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, "पाठीला जखम होऊ देऊ नका. या वयात ती भरत नाही."

टायरवाल्याचा उभा जन्म टायर फुगवण्यात गेलेला. हवा म्हणजे कडकच भरायची, ही त्याची सवय. त्याने मला टम्म फुगवलं, वर एक बुक्की मारून पाहिली आणि म्हणाला, "आता कशी दणकट झाली. झोप निवांत, आई."

मला वाचा असती तर तेव्हाच ओरडले असते. मी अशी ताठल्यावर म्हातारी माझ्यावर झोपायची कसली, नुसती टेकायची. खांदे, माकडहाड आणि टाचा. सगळ्या देहाचा भार तेवढ्याशा जागांनी सोसायचा. कुणी विचारलं की ती म्हणे, "बरं आहे." लेकाने एवढ्या मायेने आणलेल्या वस्तूला नावं ठेवणं तिच्या जिवावर येई.

एकदा अंग पुसताना सुनेला माकडहाडावर लाल चट्टा दिसला. बोटाने दाबला तरी लाली हटेना. टायरवाल्याचं धाबं दणाणलं. "हवा उतरली असणार," म्हणत तो पंप घेऊन आला.

"थांबा जरा," सून म्हणाली. "वाळूत जाणाऱ्या गाडीची हवा तुम्ही वाढवता का?"

"छे, कमी करतो. टायर पसरतो, मग गाडी रुतत नाही." बोलता बोलता तो हातातल्या पंपाकडे बघत राहिला.

"मग मला वाळूतली गाडीच समज की," म्हातारी म्हणाली.

त्याने व्हॉल्व्ह सैल केला. मी नमले आणि तिची पाठ, मांड्या, पोटऱ्या माझ्यात विसावल्या. तिचं वजन रतीभरही घटलं नव्हतं, ते फक्त जास्त जागेवर वाटलं गेलं. ती खाली जमिनीला तर टेकत नाही ना, हे त्याने हात घालून पाहिलं. सून वरचेवर कूस बदलून देई. चट्टा विरला, तेव्हा मला फार हलकं वाटलं.

पुढे म्हातारी वयानेच गेली. शेवटचं अंग पुसताना सुनेने नवऱ्याला हाक मारली. "बघा, पाठीवर ओरखडासुद्धा नाही." तोवर स्वतःला आवरून धरलेला टायरवाला तिथेच खाली बसून रडला.

आता मी त्याच्या दुकानात खुंटीवर असते. कुणाच्या घरी आजारी माणूस असेल तर खुशाल न्या मला. तुमची माया कितीही असू द्या, हवा मात्र थोडी कमी भरा.