पाठ चोळायची नाही

देवासच्या नर्सिंग कॉलेजात मुलींनी अलकाचं नाव ठेवलं होतं 'सबूतवाली मॅडम'. ठेवणारच की! शनिवारचा शेवटचा तास, पोरींच्या पोटात कावळे ओरडतायत, आणि ही बाई विचारणार, वॉर्डात जे करता ते का करता? सगळे करतात म्हणून? ते चालणार नाही. कुणी तपासलंय, किती रुग्णांवर तपासलंय, शोधा आणि मग बोला. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या त्या पोरी आधी कुरकुरल्या, मग वाचायला लागल्या, मग तर चक्क तिच्याशीच वाद घालायला लागल्या. त्या दिवशी अलकाला घरी जेवण गोड लागलं.

पण परीक्षा आली आणि खरी पंचाईत झाली. प्रात्यक्षिकाला बाहेरच्या परीक्षक म्हणून धारच्या कॉलेजातून आल्या विनोदिनीबाई. अलकाला शिकवलेलं त्यांनीच, आणि धाक असा की पन्नाशीला टेकलेली अलका अजूनही त्यांच्यापुढे खुर्चीवर बसत नसे. बाईंचा जीव की प्राण म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची पाठ. लाल झालेल्या जागेवर स्पिरिट घालून खसाखसा चोळायचं, वर पावडर. चोळलं नाही की पोरगी नापास, यात दयामाया नाही.

नेमकी तीच पाठ आली शिवानीच्या वाट्याला. मनावर गावची ही अबोल पोर. लाल जागा चोळू नये, हे याच पोरीने एका शनिवारी वाचून वर्गात मांडलं होतं. अलकाला ते केव्हाचं ठाऊक होतं, तरी शाबासकी देताना तिचा ऊर भरून आला होता. आता मात्र तिला वाटलं, आपण शिकवलं आणि वर्ष वाया जाणार या लेकराचं! वॉर्डाच्या दाराशी तिने शिवानीला गाठलंही. आज तेवढं चोळून टाक, हे शब्द अगदी ओठांवर आले. पोरीने वर पाहिलं, आणि अलकाने तिला वाट करून दिली.

खाटेवर उमाशंकरकाका होते, मांडीचं हाड मोडून पडलेले. शिवानीने त्यांना हळूच कुशीवर वळवलं. माकडहाडावर लाल चट्टा. तिने बोट दाबलं, उचललं, परत दाबलं. स्पिरिटची बाटली जिथल्या तिथे राहिली. बाईंनी विचारलं, चोळणार केव्हा?

"नाही चोळणार, मॅडम," शिवानी म्हणाली. "दाबलं तरी लाली जात नाहीये, मतलब आतलं मांस दुखावलंय. चोळलं तर जास्त बिघडेल. काकांना असंच कुशीवर ठेवते, या जागेवर भार नाही येऊ देणार."

हे शिकवलं कुणी, असं बाईंनी विचारलं. पोरीने मॅडमचं नाव घेतलं नाही. स्वतः वाचलं म्हणाली, काय वाचलं तेही धडाधड सांगितलं. आणि शेवटी म्हणते कशी, स्पिरिट लावावं की नाही याचं मात्र मला पक्कं सापडलं नाही, ते मला ठाऊक नाही. परीक्षेत 'ठाऊक नाही' म्हणणारी मुलगी बाईंनी जन्मात पाहिली नसेल. त्यांनी चष्मा चढवला, वाकल्या आणि स्वतःचं बोट त्या चट्ट्यावर दाबून पाहिलं. लाली तशीच होती.

"अलके, तुला हे माहीत होतं?"

"हो, बाई. बरीच वर्षं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

तुमचा मान राखला, असं अलका कसंबसं पुटपुटली.

"माझा मान राखलास," बाई म्हणाल्या, "आणि तिकडे धारला माझ्या मुली अजून पाठी चोळतायत."

अलकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई मात्र तिच्याकडे बघत नव्हत्या. त्यांनी शिवानीला पास म्हटलं, येत्या शनिवारी अलकाबरोबर धारला यायला सांगितलं, तिथल्या मुलींना हे सगळं तूच शिकवायचं म्हणाल्या. मग कोपऱ्यातली उशी उचलून खाटेच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या.

"ये, आधी मला शिकव," त्या शिवानीला म्हणाल्या. "ही उशी कुठे लावू?"