चहा निवेपर्यंत

चहा आला आणि नागूबाईंनी कप उचलला नाही.

आळंदच्या नरसिंगरावांच्या बैठकीत त्या दुपारी याहून मोठी घटना घडणं शक्य नव्हतं. मुलगी बघायला आलेल्यांनी चहा न घेणं म्हणजे नकार. तो तोंडानं सांगावा लागू नये म्हणूनच बहुधा आपल्याकडे चहाची सोय आहे. हणमंतरावांनी बायकोला कोपरानं ढोसलं. मुलगा व्यंकट पंख्याकडे बघू लागला. त्याला नरसिंगरावांची विजयश्री पसंत होती, आणि आत जाताना तिनंही एकदा वळून बघितलं होतं.

"घ्या की अक्का," नरसिंगराव म्हणाले. "कामून बसलाव तसंच?"

"घेते की. निवू द्या जरा."

"निवलेला चहा आमी म्हशीला बी देत न्हाई." नरसिंगराव हसले, पण फक्त दातांनी.

नागूबाईंची जीभ दोनेक वर्षं जळत होती. फोड नाही, चट्टा नाही, सूज नाही. जे दिसत नाही त्याला त्यांच्या राजेश्वर गावात दुखणं म्हणत नाहीत, नाटक म्हणतात. तरी गावानं मोठ्या मनानं निदान केलं: उष्णता. उष्णतेवर उपाय थंडावा. म्हणून सकाळी तोंडात हिवाळा आणणारी पुदिन्याची पेस्ट आणि दुपारी लिंबाचं सरबत. जळणं वाढलं की पेस्टही वाढे. नागूबाईंनी मोठ्या नेमानं स्वतःच्या जिभेवर रोज रॉकेल ओतलं. त्यांच्या मनात एकच शब्द घोळत राही आणि तो त्या कुणाजवळ बोलत नसत.

शेवटी त्या एकट्याच बसनं कलबुर्गीला दातांच्या कॉलेजात गेल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तोंड तपासलं, रक्त तपासलं आणि पहिल्यांदा तोच शब्द खोडला: कॅन्सर नाही. मग समजावलं, की जिभेच्या नसा आग लागल्याची खोटी वर्दी देतात. वर्दी खोटी, पण जळणं खरं. याला नाव आहे, बर्निंग माउथ सिंड्रोम. पुदिना आणि लिंबू बंद, कढत आणि तिखट टाळायचं, साधी पेस्ट, एक गोळी. समूळ जाईलच असं नाही, पण ताब्यात येईल.

नागूबाईंना 'समूळ'पेक्षा 'खरं' हा शब्द जास्त लागू पडला. येताना त्या खिडकीशी बसून हलकंसं रडल्या आणि घरी येऊन पुदिन्याची पेस्ट मोरीत फेकली. दोन-तीन महिन्यांत आग तव्यावरून उतरून राखेत आली.

हणमंतरावांचं म्हणणं मात्र पक्कं होतं: सोयरिकीत आजार काढायचा नाही. लोक म्हणतील, घराण्यातच काहीतरी आहे.

आता नरसिंगराव उठले आणि त्यांनी नागूबाईंचा कप उचलला. "ऱ्हाऊ द्या मग. मनात नसंल तर जोर कशाला?"

व्यंकटचा चेहरा पडला.

"कप खाली ठिवा, दादा," नागूबाई म्हणाल्या. "मनात हाय. जीभ जळती माजी."

हणमंतराव त्या वाक्यावर पांघरूण घालण्याइतके जोरात खोकले.

"तुमचा खोकला झाला की सांगा, मी थांबते." खोकला थांबला. "हां. तर दादा, दिसत न्हाई, पर हाय. कलबुर्गीच्या डॉक्टरनी नाव सांगितलंय. कुणाला लागत न्हाई ह्ये. पोरगी मला आवडली. चहा निवला की पिते. चालत असंल तर बगा."

कोपऱ्यातल्या बाजेवर नरसिंगरावांची आई लक्ष्मम्मा पडून होती. ती उठून बसली.

"टोकाला जास्ती जळती का?"

"व्हय."

"सकाळी कमी, सांज झाली की वाडती?"

"व्हय, अव्वा."

"अव्वा, तुला काय झालंय?" नरसिंगराव गडबडले. "कवा सांगितलं न्हाईस ते?"

"सांगितलंवतं की. सरबत पाजलास."

नरसिंगरावांनी कप खाली ठेवला. नागूबाईंनी निवलेला चहा सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला आणि त्या उठून बाजेवर जाऊन बसल्या. पुरुषमंडळींनी सोयरीक, तारीख, मांडव सगळं तेवढ्यात उरकलं. बाजेवरच्या दोघींचं तिकडे लक्षच नव्हतं.

बाहेर जीपवाल्यानं हॉर्न दिला. हणमंतराव ओट्यावर आले.

"वाजवू नको बे. आत विलाज चाललाय."

"कुणाला काय झालं, अण्णा?"

हणमंतरावांनी गल्लीला ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगितलं, "बर्निंग माउथ शिंड्रोम. आमच्या हिला हाय." वडिलोपार्जित जमीन सांगावी तसं.

आत नागूबाई सांगत होत्या, "माजं तेच तुमचं आसंल आसं न्हाई, अव्वा. आदी तपासून घ्या, मी येते संगट. तवर लईच पेटलं की आसं करायचं." त्यांनी माठातल्या पाण्याचा एक घोट घेतला आणि तोंडात धरला. लक्ष्मम्मानंही घेतला.

दोघी गाल फुगवून, मांडीला मांडी लावून बसल्या. दारात नरसिंगराव काही विचारायला आले होते. ते थांबले.