पाणी प्यायची जागा

वडूजच्या पलीकडं, माळाच्या कडेला एका गावाचं वाचनालय. कपाटात कडुलिंबाच्या पाल्यात निजलेले जुने ग्रंथ, शंभर वर्षांपूर्वीची भाषणं, नाटकं. आणि सगळ्यांत जपलेलं, बेचाळीसच्या चळवळीत गावातल्याच कुणा अनामिकानं लिहिलेलं चार पानी पत्रक. दर नऊ ऑगस्टला ते चावडीपुढं उभ्यानं वाचायचं, ही रीत. वाचायचे वाचनालय सांभाळणारे लालासाहेब. यंदा त्यांच्या डोळ्यांत सावल्या उतरल्या आणि वाचन सुनेकडं, दीपमालाकडं आलं.

आदल्या दिवशी ओसरीवर ती सराव करत होती. तिसऱ्या पानाच्या तळाशी लालासाहेबांनी हात वर केला.

"हितं थांबायचं. पाणी प्यायचं. मग फुडलं पान."

ही जागा साऱ्या गावाला ठाऊक. वाचणारा तांब्या उचलतो, बसलेली माणसं पाय मोकळे करतात, कुणी खोकून घेतं. दीपमालाला आजवर वाटायचं, घसा कोरडा पडत असेल. आता पान तिच्या हातात होतं, आणि तळाशी अजून दोन ओळी उरल्या होत्या.

'ज्या विहिरीवर आपल्याच भावाची घागर बाटते, त्या गावानं स्वराज्य कुठल्या तोंडानं मागावं? आधी त्याची घागर भरू द्या.'

"मामंजी, हे तर तुमी कधी वाचलंच न्हाई."

"माझ्या वडलांनीबी न्हाई वाचलं. ती वरची विहीर आपली हाय, पोरी."

"आता घरोघर नळ आलं. विहिरीत घागर कोण सोडतंय?"

"मग कशाला उकरायचं? खालच्या आळीची माणसं येत्यात, बसत्यात, हसून-खेळून ऱ्हात्यात. उगं खपली निघंल."

"आन् वाचनालयात पोरांना कोण बोलतं, पान गाळून वाचणारा नुसती ताटाची कड चाटतो म्हणून?"

लालासाहेब हसले नाहीत. "लय शाणी झालीस," एवढंच म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून पडले.

दुसऱ्या दिवशी चावडी भरली. लालासाहेब पुढं खुर्चीत. खालच्या आळीची हरणाबाई नेहमीसारखी शेवटच्या पायरीवर. तिथं बस असं आता तिला कुणी म्हणत नव्हतं, आणि वर ये असंही कुणी म्हणालं नव्हतं.

दीपमाला वाचत गेली. तिसरं पान सरत आलं. सवयीनं माणसं हलली, कुणीतरी तांब्या पुढं केला. तिनं तो घेतला, शेजारी ठेवला, आणि त्या दोन ओळी वाचल्या. सावकाश, शब्द न् शब्द.

खोकणारा खोकायचा थांबला. सासऱ्याच्या चेहऱ्याकडं बघायचं तिला धाडस होईना. चाळीस वर्षं त्यांचा हात धरून चाललेली रीत आपण त्यांच्याच देखत मोडली, आता घरी कुठल्या तोंडानं जायचं?

मागून आवाज आला. "पोरी, मागं ऐकू आलं न्हाई. पुन्यांदा वाच."

हरणाबाईचे कान असे, की ओढ्यापल्याड शेळी शिंकली तरी कोणाची ते सांगेल. सगळ्यांना ते माहीत होतं. माना लालासाहेबांकडं वळल्या.

म्हाताऱ्यानं काठी चाचपली. खुर्चीचा हात धरून उठला, पायरीच्या दिशेनं अंदाजानं वळला.

"हरणाबाई, खुर्ची मोकळी हाय. फुडं या, म्हंजे ऐकू येईल." मग सुनेला म्हणाला, "वाच. मी उभ्यानं ऐकतो."

हरणाबाई पदर सावरत पायऱ्या चढू लागली. ती बसेपर्यंत दीपमाला थांबली. मग तिनं पान उजेडाकडं धरलं. तांब्या भरलेलाच होता.