फिच स्ट्रीटवरची तक्रार

लुशियस ट्रॅमेलने गणवेशाची शेवटची गुंडी लावली तेवढ्यात तळघरातल्या पोलीस चौकीचा फोन वाजला. गोऱ्या सार्जंटने ऐकून घेतलं आणि पत्ता लिहिलेला कागद त्याच्यापुढे सरकवला.

"फिच स्ट्रीट, बारा नंबर. घरात गडबड आहे म्हणे. जा पोरा, बघून ये."

चाळिशी ओलांडलेल्या लुशियसने पत्ता वाचला. त्याच्याच घराचा होता. त्याने कागद घडी करून खिशात घातला.

"आत कुणी गोरा निघाला तर हात लावू नकोस," त्याच्यासोबतचा काळा पोलीस होसिया मागून म्हणाला. "नुसती टोपी काढ."

दोघेही शहरातल्या पहिल्या आठ काळ्या पोलिसांपैकी. गणवेश तळघरातच ठेवायचा, घरी घालून जायचा नाही, असा हुकूम होता. मोडला की नोकरी गेली. लुशियसची बायको डीलिया मार्चपासून अंथरुणावर होती. तिने त्याला गणवेशात एकदाही पाहिलं नव्हतं. परवा डॉक्टरांनी औषध लिहिलं नाही, नुसते तिचा हात धरून बसले.

त्याच्या घराचं दार शेजारच्या मिस ओडेसाने उघडलं. गल्लीत फोन तिच्याकडेच होता.

"फोन मी केला. पण करायला लावला तिने."

डीलिया उशांना टेकून बसली होती. केस विंचरलेले.

"उशीर केलात, साहेब."

लुशियसने टोपी काढली.

"घाल ती परत. आणि जरा मागे वळ." तिने सावकाश पाहिलं. "खांद्यात सैल आहे. कुणी शिवला?"

"सरकारने."

"तरीच."

ती हसली, मग खोकली. खोकला थांबेपर्यंत तो उभा राहिला. मग त्याने वही काढली.

"काय लिहू? तक्रार मिटली?"

"नाही मिटली. तक्रारदाराचं समाधान झालं नाही, असं लिही."

भरतीच्या परीक्षेआधी नियमांचं पुस्तक तिनेच त्याला रोज वाचून दाखवलं होतं. समाधान होईपर्यंत पोलिसाने दररोज फेरी मारायची, हा नियम दोघांनाही पाठ होता.

"म्हणजे उद्या यावं लागेल," तो म्हणाला.

"लागेल ना."

"आणि परवा?"

डीलियाने त्याच्या बाहीचं कापड दोन बोटांत धरून पाहिलं.

"आधी उद्याचं लिही."

त्याने लिहिलं.