अकरावा पाना

मी पायलट नव्हतो. हे वाक्य नेरूळच्या आमच्या सोसायटीत मी गेली बारा वर्षं बोलतोय आणि पालथ्या घड्यावर पाणी पडतंय. यंदाही हवाईदल दिनाला, आठ ऑक्टोबरला, सेक्रेटरी नंदकिशोरने गेटवर फलक लावलाच: ‘आपले फायटर पायलट, श्री. धम्मपाल जोंधळे. व्याख्यान, दहा मिनिटं.’

“अरे, मी फिटर होतो. विमानं दुरुस्त करायचो,” मी म्हणालो.

“काका, फिटर लिहिलं तर लोकांना नळ आठवतो. टेन्शन नका घेऊ.”

डोक्यात तिडीक गेली. पण दहा मिनिटं मला हवी होती. १९३३ साली आपल्या हवाईदलाची पहिली तुकडी उभी राहिली, तेव्हा चार विमानं होती, सहा अधिकारी आणि एकोणीस हवाई सिपाही, म्हणजे जमिनीवर विमानं सांभाळणारे माझ्यासारखे कारागीर. अधिकाऱ्यांची नावं पुस्तकांत सहज मिळतात. त्या एकोणीस जणांची मी अजून शोधतोय. सत्तरी ओलांडली आहे माझी. उद्या माझ्या फोटोखालीही हे लोक पायलटच लिहितील आणि आयुष्यभर मी काय केलं ते कुणालाच कळणार नाही. म्हणून एकदा तरी सगळ्यांसमोर सांगायचं होतं.

कार्यक्रम पाच वाजता गच्चीवर होता. साडेचारला खाली उतरलो तर अंकुश लिफ्टची दुरुस्ती संपवून आवरत होता. नावड्याहून येणारा, पन्नाशीचा, हाताने चोख माणूस. त्याची कापडी गुंडाळी जमिनीवर उलगडलेली होती. खिसे अकरा, पाने दहा.

आमच्या हँगरमध्ये फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली असायची. काम संपलं की हत्यार आपल्या आकृतीवर. एक जरी आकृती रिकामी दिसली तर विमान जागचं हलत नसे. आत राहिलेला पाना कुठे अडकला तर पायलट परत येत नाही.

“अकरावा कुठाय?”

“आसंल कुठंतरी, काका. घरी रायला आसंल.”

“सकाळी होता?”

अंकुश डोकं खाजवू लागला. “मी वर, डब्याच्या टपावर काम केलं ना...”

मी त्याला आमची आकृत्यांची फळी दोन वाक्यांत सांगितली, लिफ्टचा मेन स्विच पाडला आणि स्विचसमोरच खुर्ची टाकून बसलो.

मग काय, सोसायटी गोळा झाली. “काका, आईचे गुडघे गेलेत. तिला आठ मजले कसं नेऊ?” नंदकिशोर म्हणाला.

“पाना सापडला की ने.”

“एका पान्यासाठी? हे काय फायटर प्लेन आहे?”

“माणसंच बसतात ना यात?”

मागून कुणीतरी म्हणालं, म्हातारा सटकला. कान शाबूत आहेत माझे.

अंकुशने टप पाहिला, खालचा खड्डा पाहिला, जिना झाडून काढला. सव्वासहाला पाना त्याच्या स्कूटरच्या डिकीत सापडला. लोक तोंडावर हसले. तोवर कार्यक्रम पार्किंगमध्येच उरकला होता: दोन गाणी, समोसे, आभार. माझं व्याख्यान वेळेअभावी रद्द. “पुढच्या वर्षी बघू,” नंदकिशोर म्हणाला.

घरी येऊन जेवलो नाही. एकदा हँगरमध्ये माझ्यामुळे विमान दोन तास अडकलं होतं आणि पाना जीपमध्ये निघाला होता. ज्याचं उड्डाण अडलं तो पायलट चालत माझ्यापर्यंत आला आणि ‘थँक यू’ म्हणाला. हेच तर सांगायचं होतं मला. स्वतःच्या हाताने घालवलं.

तीन आठवड्यांनी लिफ्ट पुन्हा बंद पडली. दुपारी नंदकिशोरचा वैतागलेला फोन आला. “काका, खाली या. काम झालंय, पण अंकुश लिफ्ट चालूच करत नाही.”

खाली गेलो. गुंडाळी उलगडलेली होती. प्रत्येक खिशावर त्या त्या पान्याची आकृती मार्करने काढलेली, वाकडीतिकडी. अकराच्या अकरा जागेवर.

“तुमी मोजल्याबिगर स्विच टाकनार नाय,” अंकुश म्हणाला. “तुमच्या विमानाला पन आसंच करायचे का?”

“आता हा पण!” नंदकिशोर कपाळ धरून म्हणाला. “काका, मोजा ना पटकन.”

मी पायरीवर बसलो. अंकुशला म्हणालो, बस. मग त्या एकोणीस जणांपासून सुरुवात केली. नंदकिशोर घड्याळ बघत तिथेच ताटकळला. त्याला आठव्या मजल्यावर जायचं होतं आणि पाने अजून मोजायचे होते.

मी पुरती दहा मिनिटं घेतली.