चहापुरता चमत्कार

कुणी देवाशी बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, हा त्या घरमंडळीचा एकमेव पक्का नियम होता, आणि त्याचा फायदा जो तो मनसोक्त उठवत असे. चर्चची इमारत नको, घंटा नको, पहिल्या शिष्यांसारखं घरोघरी जमायचं, अशा निश्चयाने एकत्र आलेली ही पाच-सहा बिऱ्हाडं. घरोघरी म्हणजे खरं तर एकाच घरी, वहिनींच्या. बाकीच्यांकडे कधी रंगकाम निघायचं, कधी पाहुणे उतरायचे, कधी कुत्रं अंगावर यायचं.

वहिनींचे यजमान आठवडाभर फ्रिज दुरुस्त करत आणि रविवारी माणसं. त्यांना सगळे भाऊ म्हणत. माणूस देवभोळा, मनाचा स्वच्छ आणि बोलायला एकदा बसला की उठायचं नाव न घेणारा. वहिनी घरीच शाळेचे गणवेश शिवत. भाऊंच्या धंद्यात कधी काम असे, कधी नसे. त्यामुळे घराचा निम्मा गाडा वहिनींच्या उजव्या पायावर, म्हणजे मशीनच्या पायट्यावर चालत होता.

मंडळीत दोघी सख्ख्या जावा होत्या. त्या एकमेकींशी बोलत नसत, पण देवाशी भरभरून बोलत. थोरली डोळे मिटून म्हणायची, "हे प्रभू, ज्यांनी माझा मिक्सर नेला आणि भांडं तडकवून परत दिलं, त्यांना तू मोठ्या मनाने क्षमा कर." लगेच धाकटी, "हे पित्या, ते भांडं मुळातच तडकलेलं होतं, हे तुझ्यापासून काही लपलेलं नाही." दोन्ही बाजूंना मंडळी सारख्याच जोराने "आमेन" म्हणत. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई उशिरा येणाऱ्यांसाठी प्रार्थना करत, तीही ते आल्यानंतर. विमा विकणारे दादा जीवनाची शाश्वती नाही, याची जाणीव सर्वांना होवो, असं मागणं मागत. कुणी श्वास घ्यायला थांबलं की "आमेन" आपोआप पडायचं. काय मागितलं, हे ऐकलं पाहिजे अशी सक्ती नव्हती.

त्या वर्षी भाऊंनी विषय घेतला, विश्वासाची कृती. "नुसत्या तोंडच्या वाफेने शेजाऱ्याचं पोट भरत नाही," असं म्हणून ते चांगला तासभर बोलले. मंडळी भारावून घरी गेली. बसायचे जड बाक मात्र जिथल्या तिथे राहिले. ते नेहमीप्रमाणे वहिनी एकट्याच जिन्याखाली ठेवायला गेल्या, कंबरेत कळ आली आणि त्या तिथेच खाली बसल्या.

डॉक्टर म्हणाले, मणक्यातली चकती सरकलीय, पायाची शीर दबलीय. सपाट पडून राहायचं, संडासाखेरीज उठायचं नाही. पायाला मुंग्या येतायत तोवर ठीक. बधिर व्हायला लागला तर त्याच पावली इकडे या. उशीर केलात तर गेलेलं परत येईलच, असं मी सांगू शकत नाही. भाऊंनी हे सगळं मान डोलावत ऐकलं आणि घरी येऊन मंडळीला कळवलं.

मंडळी कृतीच्या शोधात होतीच. आयती घरातच सापडली. रोज संध्याकाळी सगळे वहिनींच्या पलंगाभोवती जमू लागले. हॉलमधल्या खुर्च्या आत आल्या. तळमळीने प्रार्थना व्हायची, बाईंना हुंदका यायचा. मग "आमेन" होऊन सगळे डोळे उघडायचे आणि कुणीच जागचं हलायचं नाही. कुणी खोकायचं, कुणी हवेचा विषय काढायचं. प्रार्थनेनंतर चहा हा त्या घराचा रिवाज होता.

"तू पड. चहा आज मी करतो," पहिल्या दिवशी भाऊ म्हणाले आणि स्वयंपाकघरात गेले. मग तिथून आवाज आला, "अगं, साखर कुठाय?"

"निळ्या डब्यात."

"निळे दोन आहेत!"

"लहान!"

"यात तर मीठ आहे!"

थोड्या वेळाने दूध उतू गेल्याचा वास आला. गॅसची शेगडी वहिनींनी सकाळीच, लोकांना दिसू नये म्हणून गुपचूप उठून पुसली होती. त्यांना राहवेना. भिंत धरत, दात आवळून त्या उठल्या आणि स्वयंपाकघराकडे निघाल्या.

"उठल्या!" बाई ओरडल्या. "अहो, वहिनी उठल्या!"

विमावाल्या दादांचे हात वर गेले. दोघी जावांनी एकाच वेळी "हालेलुया" म्हटलं आणि आपण एकमत झालो या विचाराने दोघीही दचकल्या. भाऊ हातात चमचा घेऊन दारात उभे होते, डोळे भरून आले होते. वहिनींना वाईट वाटलं ते याचंच. नवरा ढोंगी असता तर त्याला चार शब्द सुनावता आले असते. हा बिचारा मनापासून रडत होता. त्यांनी त्याच्या हातातून चमचा घेतला आणि कप मांडले.

तेव्हापासून रोज चहाच्या वेळेला चमत्कार होऊ लागला. चहा गाळून झाला की वहिनी पुन्हा पलंगावर, आणि मंडळी उद्याच्या चमत्कारासाठी मोकळी. दादांनी ही साक्ष गावभर सांगितली. दुसऱ्या घरमंडळीतले लोक बघायला आले, म्हणजे कप वाढले. एक पाहुणीबाई तर चहा पिऊन झाल्यावर हळूच म्हणाल्या, "पुन्हा एकदा उठून दाखवतात का?"

"अहो, मला उठवत नाही," वहिनींनी एका दुपारी भाऊंना सांगितलं. "तळवा जड पडलाय. डॉक्टरांकडे जाऊ या का?"

भाऊंनी लगेच त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "प्रभू, हिच्या तळव्याला स्पर्श कर. हिचा विश्वास डळमळू देऊ नकोस." टेबलावर आलेली तक्रार न वाचता साहेबांकडे सरकवणाऱ्या कारकुनासारखं त्यांचं झालं होतं. वर पोचवली की ह्यांचं काम संपलं. "आता बघ, बरं वाटेल," असं म्हणून ते कुणाचा तरी फ्रिज बघायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाणी उकळायला ठेवून वहिनींनी सहज खाली पाहिलं. डाव्या पायात चप्पल होती. उजवी पलंगापाशीच राहिली होती. एवढ्या गार फरशीवरून तो पाय अनवाणी टाकत त्या चालत आल्या होत्या आणि त्यांना पत्ता नव्हता. पायटा कळला नाही तर मशीन कसं चालवायचं? आणि जिना? त्यांनी गॅस बंद केला आणि चहा न करताच परत येऊन पलंगावर आडव्या झाल्या.

खोलीत कुजबुज झाली. चहाविना परत येणं हे चमत्काराच्या क्रमात बसत नव्हतं.

"आज मी प्रार्थना करते," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी आजवर कधी सर्वांसमोर प्रार्थना केली नव्हती. त्या वेळी त्या नेहमी आधण ठेवत असत. भाऊंना भरून आलं. सगळ्यांनी डोळे मिटले.

"हे प्रभू, ही माणसं फार प्रेमळ आहेत."

"आमेन!"

"न चुकता रोज येतात."

"आमेन!"

"बाईंना तू चांगले घट्टमुट्ट हात दिलेस. आजपासून सिंकमधली भांडी त्या घासतील."

"आमेन!" सगळ्यांत मोठा आवाज बाईंचाच होता. मग त्यांचा एक डोळा उघडला.

"या दोघी जावा मिळून आमचं रात्रीचं जेवण आणतील. एकाच डब्यात."

"आमेन," म्हटलं गेलं खरं, पण जरा चाचपडत. मध्ये बोलायची सोय नव्हती.

"दादांना तू मोठी गाडी दिलीस. ते मला दवाखान्यात नेतील. उद्या नाही, आत्ता. चहा न पिता."

"आ... मेन," दादा म्हणाले.

"आणि प्रभू, मी उठते ती बरी झाले म्हणून नाही. दूध उतू जातं म्हणून उठते. माझा पाय मला कळेनासा झालाय. मला फार भीती वाटते."

आता "आमेन" आलं नाही. वहिनी डोळे मिटून वाट बघत राहिल्या.

"म्हणा ना," शेवटी त्याच म्हणाल्या.

"आमेन," सगळे म्हणाले. यावेळी ऐकून म्हणाले.

देवासमोर शब्द गेला होता. आता माघार घ्यायची तर त्याच्याशीच गाठ होती. बाई पदर खोचून सिंककडे गेल्या आणि घासणी कुठे आहे हे कुणालाही न विचारता त्यांना सापडली. थोरली जाऊ धाकटीला म्हणाली, "भाजी तू करतेस की मी?" धाकटीने उत्तर द्यायच्या आधी सवयीने वर पाहिलं, मग खाली पाहून म्हणाली, "भाजी मी. पोळ्या तुमच्या बऱ्या होतात." दादांनी गाडी दाराशी लावली. चौघांनी चादरीची चार टोकं धरून वहिनींना खाली आणलं आणि मागच्या सीटवर आडवं ठेवलं. भाऊ त्यांचे पाय मांडीवर घेऊन बसले.

गाडी रस्त्याला लागली. भाऊ म्हणाले, "अगं, एवढं झालं होतं, तर मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हालाच सांगत होते," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही वर पाठवत होता."

भाऊंचे डोळे सवयीने मिटले, ओठ हलले. मग त्यांनी डोळे उघडले. वहिनींच्या उजव्या पायाचा अंगठा दोन बोटांत धरून त्यांनी जोरात दाबला.

"कळतंय?"

"नाही."

"इथे?"

"नाही हो."

भाऊंनी बोट टाचेकडे सरकवलं आणि पुन्हा विचारलं, वहिनींनाच.